तुझ्या कानाच्या उंचीवर

आक्का,

तू गेल्यानंतरचा तुझा जलदानविधी परवा झाला. सणसरच्या विहारासमोर मांडव घातला होता. तुझे हेडमास्तर बोलले, इंदापूरहून आलेल्या दोन शिक्षिका बोलल्या. तू वर्गात कशी शिकवायचीस, सुट्टीच्या दिवशी पोरींना घरी बोलावून गाणी कशी बसवून घ्यायचीस, सगळं सांगून झालं. त्यात खोटं काही नव्हतं. मग मला बोलायला सांगितलं. मी माईक हातात घेतला, तर पहिल्यांदा काय जाणवलं, की मांडवात आवाज घुमतोय आणि मागं बसलेल्या बायांना एक शब्द कळत नसणार. मी मशिनवाल्याला बेस कमी करायला सांगितलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, भावाला हुंदका आला.

आज बारामतीत दुकान उघडलंय. समोर टेबलावर तीन टीव्ही खोलून ठेवलेत, एकालाही हात लावावासा वाटत नाही. म्हणून तुला लिहायला बसलो. त्या मांडवातल्या माणसांना जे सांगता आलं नाही ते तुलाच सांगतो. त्यातलं निम्मं तुला माहीत आहे. उरलेलं मी तुला सांगायला पाहिजे होतं.

पियानो आला त्या दिवसापासून सुरुवात करतो. दाजींच्या कंपनीत, एमआयडीसीत, मशिनी बसवायला परदेशातला एक इंजिनिअर आला होता. तीन वर्षं राहिला. जाताना त्याचं सामान बांधून द्यायला दाजी गेले आणि संध्याकाळी टेंपोत हा पियानो घालून सणसरला आले. इतकं अवजड परत न्यायची कटकट नको म्हणून तो दाजींनाच देऊन गेला होता. विजेवर चालणारा, पण पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड. आई तेव्हा तुमच्याकडंच होती. ती दाजींना म्हणाली, "बापू, ह्ये कपाट कशाला आणलंय?"

तू हात धुऊन, पदराला पुसून त्याच्यासमोर बसलीस. उजव्या हातानं आपल्या आबांची एक चाल काढलीस आणि डावा हात सवयीनं भाता शोधत मागं गेला. तुझं तुलाच हसू आलं. जन्मभर पेटी वाजवलेली तू. आबांच्या गायन पार्टीत, जयंतीच्या स्टेजवर, परकरात असल्यापासून तू त्यांच्याशेजारी पेटी धरायचीस. आबा गाणी स्वतः लिहायचे, चाली स्वतः लावायचे. त्यांचा आवाज कुणी टेप करून ठेवला नाही. ते गेले तेव्हा गाण्यांची वही राहिली आणि चाली फक्त तुला येत होत्या. मला नाही. मी स्टेजच्या मागं भोंग्याच्या वायरी जोडत असायचो.

त्या वायरींचा धंदा झाला तोही तुझ्यामुळंच. लहानपणी तू मला डोळे मिटायला लावून पेटीच्या दोन पट्ट्या वाजवायचीस आणि विचारायचीस, "ह्यातली कंची बिघडलीय?" मी सांगायचो. कधी चुकायचो नाही. आबा गेले तेव्हा मी नववीत होतो आणि तू नुकती नोकरीला लागली होतीस. तू म्हणालीस, "ह्याला कान हाय, ह्यो रेडिओचं काम शिकल," आणि दहावीनंतर मला आयटीआयला घातलंस. तुझे आभार मानायचे असतात हे मला कधी सुचलं नाही. बहीण करतेच, असं वाटायचं.

पियानोच्या कडेला फ्लॉपी घालायची फट होती. कॉम्प्युटरची असते तसली फ्लॉपी. आपण वाजवलेलं तिच्यात भरून ठेवायचं आणि नंतर बटण दाबलं की पियानो तेच स्वतः वाजवायचा. मी तो महिनाभर पालथा घालून बघितला. टेपरेकॉर्डर आवाज भरतो, हा तसं करत नव्हता. कुठली पट्टी, कधी, किती जोरात दाबली, एवढंच तो लिहून ठेवायचा आणि पुन्हा तशीच वाजवायचा. बोट हलकं पडलं तर तेही हलकंच. आईला ते अजिबात रुचलं नाही. तू स्वयंपाकघरात भाकरी थापत होतीस आणि पुढच्या खोलीत तुझंच वाजवणं चाललं होतं. आई उठून ओट्यावर जाऊन बसली. "माणूस न्हाय आन् वाजतंय," म्हणाली. त्यानंतर फ्लॉपी लागली, की ती बाहेर.

मला मात्र त्या पियानोचा एकच दोष दिसत होता. त्याचे स्पीकर आत होते, पट्ट्यांच्या खाली, जमिनीकडं तोंड करून. समोर बसणाऱ्याला चांगलं ऐकू यायचं, पण चार पावलं लांब गेलं, की गोधडीखालून आल्यासारखं. मी तुझ्या मागं लागलो, मागं दोन सॉकेट आहेत, बाहेरून स्पीकर जोडू, सगळ्या आळीला ऐकू जाईल.

"मी घरात वाजवती रमेश, चौकात न्हाय. मला पुरतंय," तू म्हणालीस.

आपलं पहिलं भांडण ते. त्या वेळी तुझंच बरोबर होतं.

मग तुझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पट्टीवर उशिरा पडायला लागलं. तू म्हणालीस, खडू धरून धरून बोटं धरलीत. मग भाजी चिरताना विळीवरून हात घसरायला लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याला चार दिवस तपासण्या झाल्या. शेवटच्या दिवशी तू आत कपडे बदलत होतीस आणि डॉक्टरांनी दाजींना आणि मला बाहेर बोलावलं. स्नायूंना चालवणाऱ्या नसा एकेक करून वाळत जातात, असं त्यांनी सांगितलं. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं शाबूत राहतं. औषध नाही.

दाजींनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर फाईल चाळत राहिले.

मी विचारलं, "कान?"

"कानाला काही होत नाही," ते म्हणाले.

आक्का, त्या दिवशी मी तेवढा एकच प्रश्न विचारला. दुसरा सुचलाच नाही. उत्तर ऐकून बरं वाटलं, याची मला अजून लाज वाटते.

येताना एसटीत तू खिडकीशी बसली होतीस. विचारलंस, "काय म्हणाले?" मी सांगितलं, टॉनिक दिलंय, वेळ लागेल. तू बाहेर बघत म्हणालीस, "खोटं बोलताना तू कान खाजवतोस. ल्हान असल्यापासनं." भिगवणला दाजींनी चहा आणला. तू दोन्ही हातांनी ग्लास धरलास.

दुसऱ्या दिवसापासून तू आबांच्या चाली भरायला सुरुवात केलीस. शाळा सुटली की घरी, हातपाय धुतले की पियानोवर. वहीतलं गाणं पुढं धरायचीस, तोंडातल्या तोंडात म्हणायचीस आणि वाजवायचीस. मनासारखं झालं नाही, तर पुसून पुन्हा. एकूण चौदा चाली होत्या, चालीला एक फ्लॉपी. पहिल्या सहा झाल्या तेव्हा दहाही बोटं चालत होती. नवव्या चालीला डावा हात नुसता सूर धरून होता. बाराव्याच्या पुढं उजव्या हाताच्या तीन बोटांवर सगळं होतं. चौदावी चाल भरायला तुला सतरा दिवस लागले. दाजी कंपनीतून मोटरसायकलवर आले, की हेल्मेट न काढता तुझ्या शेजारी उभे राहायचे, कारण फ्लॉपी बाहेर काढणं तुला जमत नव्हतं.

एकदा मला म्हणाले, "मशीन असतं रमेश, तर खोलून बघितलं असतं. ह्याला कुठनं उघडायचं?"

मला वाटलं, ह्याचं उत्तर मीच द्यायला पाहिजे.

त्याच सुमारास रजेच्या अर्जासाठी आपण इंदापूरला गेलो. कचेरीतला कारकून भला माणूस होता. उठून त्यानं तुला स्वतःची खुर्ची दिली. तू सही केलीस. त्यानं जुना कागद काढून शेजारी धरला, बराच वेळ बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, सही जुळत नाही. अंगठा चालेल."

साक्षरतेच्या वर्गात तू सणसरच्या साठ-पासष्ट वर्षांच्या बायांचा हात धरून त्यांना नाव लिहायला शिकवलं होतंस. एकीनंही परत अंगठा लावला तर तिच्याशी अबोला धरायचीस. तू माझ्याकडं बघितलंस. मी तुझा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. तुझा हात इतका हलका झाला होता. बाहेर आल्यावर मी रुमालानं शाई पुसायला लागलो तर तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. घरी गेल्यावर बघू." घरी गेल्यावरही तू ती पुसू दिली नाहीस. दोन दिवसांनी आपोआप गेली.

पुढं स्टुलावर बसणंही बंद झालं. दाजींनी पुढच्या खोलीत, पियानोच्या समोरच्या भिंतीला लावून खाट टाकली. मी आलो तेव्हा तू उशांना टेकून पडली होतीस आणि समोर तुझी पहिली फ्लॉपी चालू होती. जमिनीकडं तोंड केलेले स्पीकर आपलं जमिनीलाच ऐकवत होते. तू म्हणालीस, "रमेश, आता बघ तुझं ते स्पीकर."

मला आनंद झाला. खरं सांगतो. इतके महिने मी तुझ्याकडं यायचो, खाटेच्या पायथ्याशी बसायचो आणि परत जायचो. आता मला येणारं एक काम निघालं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानातले स्पीकरचे दोन मोठे डबे आणि कॅसेट डेकचा ऍम्प्लिफायर घेऊन आलो. तुझ्या उशाशी दोन्ही बाजूंना डबे ठेवले आणि चालू केलं. तू दोन मिनिटं ऐकून म्हणालीस, "कानात वाजवू नको. तिकडं वाजू दे. मी तितं बसल्यागत वाटलं पायजे." मी डबे उचलून पियानोच्या दोन्ही अंगांना नेले. मग म्हणालीस, "खालचं नुसतं ढब-ढब करतंय. वरचं पत्र्यावानी लागतंय." खरंच होतं. कॅसेटवरच्या गाण्यांना ते डबे झकास चालायचे. पियानोनं त्यांचं पितळ उघडं पाडलं.

मग मी जयंतीला भाड्यानं देतो तो मोठा ऍम्प्लिफायर आणला, उभे कॉलम स्पीकर आणले. विचार केला, ताकद कमी पडत असेल. त्यानं तर सगळी खोली गुरगुरायला लागली. पियानो गप्प असला तरी घूंऽऽ चालूच. मी अर्थिंग बदललं, वायरी बदलल्या, मेनचा प्लग उलटा घालून बघितला. दाजी घामाघूम होऊन कॉलम इकडून तिकडं करत होते. तू म्हणालीस, "ह्ये मिलमधी आल्यागत वाटतंय." आणि हसलीस. तेव्हा अजून हसू यायचं तुला.

मी पुण्याला गेलो, बुधवार पेठेत. सुट्या पार्टच्या एका दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी विचारलं, "हॉल केवढा आहे?"

"खोली आहे. ऐकणारं एकच माणूस."

"मग एवढी धावपळ कशाला?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग तासभर त्यांनी मला शिकवलं. पियानोचा ठोका एका झटक्यात वर उसळतो, म्हणाले. टेपवरचं गाणं आधीच दाबून सपाट केलेलं असतं, त्याला कसलाही ऍम्प्लिफायर चालतो. पियानो हळू ऐकायचा असला तरी मागं ताकद राखून ठेवावी लागते, नाहीतर ठोक्याचं टोक मोडतं. मोठा ट्रान्सफॉर्मर घे, म्हणाले. खालच्या सुरांना साडेसहा इंची वूफर घे, त्याहून मोठा त्या खोलीत घुमेल. वरच्या आवाजाला रेशमी कापडाच्या घुमटीचा ट्विटर घे, पत्र्याचा नको. निघताना म्हणाले, "आणि स्पीकरचं तोंड त्यांच्या कानाच्या उंचीला ठेव."

ऍम्प्लिफायर मी दुकानात स्वतः बांधला. डबे कन्हेरीच्या सुताराकडून करून घेतले, जाड प्लायचे, आत कापूस भरून. शेवटी मोजपट्टी घेऊन सणसरला आलो आणि फरशीपासून तुझ्या कानापर्यंत माप घेतलं. सव्वीस इंच. आई दारात उभी राहून बघत होती. "माप कशाचं घेतोस?" म्हणाली. तिचा आवाज कसातरी झाला होता. मी सांगितलं, स्पीकरचं. ती आत निघून गेली.

ज्या दिवशी ते सगळं जोडलं, तो दिवस मी विसरणार नाही. सकाळची वेळ होती, लाईट होती. आई नेहमीसारखी ओट्यावर गेली. मी पहिली फ्लॉपी लावली. आबांची ती जात्यावरच्या ओवीसारखी संथ चाल. पियानो त्या खोलीत पहिल्यांदा बोलला, आक्का. खालचे सूर जमिनीवर उभे राहिले. दाजींनी भिंतीला हात टेकला. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मला वाटलं, जमलं.

मग सातवी, मग नववी. तुझ्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानात जायला लागलं. मी रुमालानं पुसलं. आणि तेव्हा मला कळलं, मी काय करून ठेवलंय. आतल्या भसाड्या स्पीकरवर सगळी बोटं सारखी वाटायची. ह्या नव्या डब्यांतून प्रत्येक बोट वेगळं ऐकू येत होतं. तिसरं बोट कुठं अडखळलं, चौथं कधी गळालं, डावा हात कुठल्या जागी थकून नुसता पडून राहिला, सगळं. चौदाव्या चालीत तर एक पट्टी नुसती शिवल्याचाही आवाज होता.

पुढच्या वेळी आलो तेव्हा तुझं लक्ष नाही असं बघून मी ट्रेबलचं, वरच्या सुरांचं बटण मागं फिरवलं. थोडंसंच. कडा बोथट झाल्या, बोटं पुन्हा सारखी झाली. मला वाटलं, तुला तेवढाच त्रास कमी.

तुझं बोलणं तोवर जड झालं होतं. जीभ वळत नव्हती. दाजींनाच काय ते कळायचं आणि ते आम्हाला सांगायचे. दोन दिवसांनी तू काहीतरी म्हणालीस. दाजी म्हणाले, "वरचं कुठं गेलं, विचारतीया."

मी म्हणालो, ट्विटर नवीन आहे, बसायला वेळ लागेल. माझा हात कानाकडं गेला होता. तू बघितलंस.

मग तू बोलायला लागलीस. एकेक शब्दाला श्वास घेत. दाजींनी मध्ये सांगायचा प्रयत्न केला तर त्यांना डोळ्यांनीच गप्प केलंस. तुला स्वतःला बोलायचं होतं. बराच वेळ लागला. "आबाची... चाल... न्हाय ऐकत मी. माझा... हात... ऐकती. तेवढाच... राह्यलाय."

आणि मी ओरडलो. आजारी बहिणीवर, तिच्या घरात. "मग काय करू मी? तुझा हात मला दुरुस्त करता येत न्हाय आक्का. स्पीकर येतो, तेवढा केला."

मी बटण पहिल्या जागी आणलं, गाडीला किक मारली आणि निघून आलो. नऊ दिवस सणसरकडं फिरकलो नाही. दुकानात काम आहे, असा निरोप धाडला. काम काही नव्हतं. मी इथंच, ह्याच खुर्चीत बसून होतो.

दहाव्या दिवशी आलो तेव्हा तुझं बोलणं पूर्ण गेलं होतं. दाजी म्हणाले, परवापासून. मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो, माफी कशी मागायची ते. ते तुला सांगायला काहीच अडचण नव्हती, ऐकू तर तुला येत होतं. पण तू उलट काही बोलणार नाहीस हे दिसल्यावर माझ्यानं तोंड उघडवेना. तू शिव्या देऊ शकली असतीस तर मी माफी मागितली असती. मी गुपचूप डब्यावरची धूळ पुसली.

दाजींनी तुझ्याशी खूण ठरवली होती. हो म्हणायला एकदा डोळे मिटायचे, नाही म्हणायला दोनदा. पाणी पाहिजे का, कूस बदलू का, पंखा लावू का. मी आलो, की फ्लॉपी लावायचो आणि विचारायचो, "आवाज बरोबर हाय का?" तू एकदा मिटायचीस. दर वेळी एकदा. मी सुटल्यासारखा व्हायचो. रविवारी यायचो, गुरुवारी यायचो, तेच विचारायचो. दुसरं काही विचारायचं धाडस नव्हतं. भांडणाबद्दल तर नाहीच. तू रागावली होतीस का, विसरली होतीस का, मला माहीत नाही. दोनदा डोळे मिटलेस तर, ह्या भीतीनं मी विचारलंच नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. दाजींचा फोन होता. "रमेश, ये," एवढंच म्हणाले. मी पोचलो तेव्हा तुझ्या अंगावर पांढरी चादर होती आणि गावातली लाईट गेलेली होती. कुणीतरी म्हणालं, तिच्या आबांच्या चाली लावा की, जाताना ऐकू दे. मी पियानोकडं बघितलं. एवढा ऍम्प्लिफायर, एवढा ट्रान्सफॉर्मर, सगळं थंड पडलं होतं. गाडीवर जाऊन जनरेटर घेऊन येतो म्हणालो, तर दाजींनी माझा दंड धरला. "नको. हितंच बस." मी बसलो. भन्तेजी आले, वंदना झाली. तुला नेलं. लाईट दुपारी आली.

आता कालचं सांगतो. विधी उरकून पाव्हणे गेले होते. दाजींनी तुझी खाट शेजाऱ्यांच्या मदतीनं मागच्या पडवीत नेऊन ठेवली. भिंतीशी फरशीचा तेवढा तुकडा वेगळाच दिसत होता, पुसून पुसून पांढरा झालेला. मी डबे सोडवून न्यावेत का, असं दाजींना विचारत होतो, तेवढ्यात आई आतून आली. ती त्या भिंतीशी खाली बसली आणि मग हळूहळू आडवी झाली.

मी म्हणालो, "आई, काय हुतंय?"

"काय न्हाय. लाव ते."

"काय?"

"तिचं. हितनं ती काय ऐकत हुती ते मला बघू दे."

पियानो वाजायला लागला, की ओट्यावर जाऊन बसणारी आपली आई. दाजी माझ्याकडं बघत राहिले. मी शेवटची फ्लॉपी लावली, चौदावी. हात तिलाच गेला. तीन बोटं चालायला लागली. आई छताकडं बघत पडली होती. मी विचारलं, "ऐकू येतंय का नीट?"

"ये हितं," ती म्हणाली. "तूच बघ."

आक्का, मी आईशेजारी फरशीवर आडवा झालो. इतक्या महिन्यांत मी त्या जागी एकदाही डोकं टेकलं नव्हतं. मोजपट्टीनं माप घेतलं, खुर्चीवर बसून ऐकलं, उभं राहून ऐकलं, आणि तुला विचारलं. आडवं होऊन कधी ऐकलं नाही. चाल चालू असेपर्यंत काही कळलं नाही. मग ती संपली. पियानो थांबला. आणि त्या शांततेत, भिंतीलगत, मला माझ्या ऍम्प्लिफायरची घूंऽऽ ऐकू आली.

बारीक होती, पण स्पष्ट. खालचा आवाज भिंतीशी आणि कोपऱ्यात साचतो, हे आयटीआयच्या पोरालाही ठाऊक असतं. खोलीच्या मध्ये बसणाऱ्याला ती घरघर ऐकूच येत नव्हती. तुझी खाट भिंतीला होती. दोन फ्लॉपींच्या मध्ये, दाजी कंपनीत असताना, चाली संपून नुसतं यंत्र चालू राहिल्यावर, तू तासन् तास तेच ऐकत पडली असशील. कान वळवता येत नव्हता, हातानं झाकता येत नव्हता. एक वायर बदलली असती तर ते गेलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं.

आणि मी विचारलं तेव्हा प्रत्येक वेळी तू हो म्हणालीस.

मी उठून बंद करायला निघालो. आईनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग आम्ही दोघं तसेच पडून राहिलो.